शोधनिबंध मोजणाऱ्यांनी तो वाचायलाही हवा

गेली काही वर्षे आमच्या महाविद्यालयात कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फायली तयार होऊ लागल्या की त्यांतली शोधनिबंधांची यादी तपासण्यासाठी ग्रंथालयात माझ्याकडे येते. निबंध कोणत्या जर्नलमध्ये छापून आला, त्याचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक खरा आहे का, ते जर्नल त्या वर्षी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत होते का, एवढे पाहून मी शेरा द्यायचा असतो. निबंधात काय लिहिले आहे हे पाहणे माझ्या कामात मोडत नाही. आणि आयक्यूएसीपासून, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षापासून, विद्यापीठाच्या तज्ज्ञ समितीपर्यंत ही फाईल ज्या ज्या टेबलावर जाते, तेथेही बहुतेक वेळा ते कोणाच्याच कामात मोडत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नल्सचा जो प्रचंड बाजार आपल्या देशात उभा राहिला, त्याचे मूळ मला या न वाचण्यात दिसते. फसवणारे प्रकाशक दोषी आहेतच. पण त्यांचा माल खपतो तो आपण मोजणीवर समाधान मानतो म्हणून, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही मोजणी कशी सुरू झाली ते नीट पाहायला हवे. २०१० च्या यूजीसी नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि पदोन्नतीसाठी एपीआय ही गुणांकन पद्धत आणली. रेफरीड, म्हणजे निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या जर्नलमधल्या एका निबंधाला १५ गुण होते. रेफरीड नसलेल्या, पण मान्यताप्राप्त आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन हा पुस्तकांचा क्रमांक असलेल्या प्रकाशनातल्या निबंधाला १० गुण होते. आयएसएसएन ही केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारी नोंद आहे. आपल्याकडे दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राकडून ती विनामूल्य मिळते आणि आतल्या मजकुराच्या दर्जाशी तिचा काहीही संबंध नसतो. तरीही नियमात तिचा उल्लेख आल्यामुळे महाविद्यालयांमध्ये ती दर्जाची खूण मानली जाऊ लागली. दुसरीकडे, ज्या सहायक प्राध्यापकावर आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवण्याचा भार आहे, ज्याला प्रयोगशाळा नाही, क्षेत्रभेटीसाठी निधी नाही आणि ज्याच्या ग्रंथालयात त्याच्या विषयाची दोन जर्नल्सही नियमित येत नाहीत, त्याच्याकडूनही निबंधांची संख्या मागितली गेली. जिथे मागणी सक्तीची आणि साधने शून्य, तिथे पुरवठा करणारे उभे राहणारच होते, आणि ते फार लवकर उभे राहिले.

पुढे २०१८ च्या नियमावलीतही इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा इतर निबंधांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्याप्रमाणे, वाढीव गुण ठेवले गेले. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड जर्नलसाठी ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोनच्या दरम्यान १५ आणि दहाच्या वर ३०, अशी ती चढती भाजणी आहे. हा आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरावा असेही तेथे लिहिले आहे. ते काम आता क्लॅरिव्हेट ही कंपनी करते. पण एखाद्या आकड्याला गुण मिळतात म्हटल्यावर तो आकडा विकणारेही निघाले. पैसे घेऊन कोणत्याही जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर बहाल करणाऱ्या संस्था तयार झाल्या, त्यांची नावे मुद्दाम भारदस्त ठेवली गेली, आणि महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या, कोणीही संदर्भासाठी न उघडलेल्या जर्नलच्या मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.३’ असे ठळक अक्षरांत छापलेले मी पाहिले आहे. मराठी विषयाच्या कित्येक चांगल्या नियतकालिकांना असा आकडाच नसतो, त्यामुळे प्रामाणिकपणे तिथे लिहिणारा मागे पडतो आणि रंगीत मुखपृष्ठ पुढे जाते.

हा प्रश्न जगभरचा आहे, पण त्यात आपला वाटा लाज वाटावी इतका मोठा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर इथल्या शाखेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे शिकारी, म्हणायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१७ पर्यंत त्यांची यादी चालवली. त्या यादीच्या आधारे शेन आणि ब्यर्क या फिनलंडमधल्या अभ्यासकांनी २०१५ साली अंदाज मांडला, की अशा जर्नल्समधले लेख २०१० मध्ये वर्षाला ५३ हजार होते ते २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेले. त्या लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतातले होते. त्याआधी ऑक्टोबर २०१३ मध्ये विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ‘सायन्स’मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला होता. दगडफुलासारख्या सजीवातल्या रसायनाने कर्करोगाच्या पेशी रोखल्या जातात, असा ढोबळ चुकांनी भरलेला बनावट निबंध त्यांनी ३०४ जर्नल्सकडे पाठवला. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला आणि ९८ जर्नल्सनी नाकारला. भारतातल्या जर्नल्सपैकी ६४ जर्नल्सनी तो स्वीकारला, नाकारणारी फक्त १५ निघाली. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला, कारण कोणतीही खरी तपासणी न करता ती केल्याचे सांगणे, निबंध स्वीकारल्यावरच शुल्काची रक्कम कळवणे आणि नामवंतांची नावे त्यांच्या संमतीशिवाय परिषदांच्या जाहिरातीत वापरणे, असे प्रकार तिथे चालत होते. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश त्या समूहाविरुद्ध दिला.

आपल्या देशातली परिस्थिती सर्वांत स्पष्टपणे मांडली ती पुण्यातून. यूजीसीने २०१७ च्या सुरुवातीला मान्यताप्राप्त जर्नल्सची तीस हजारांहून मोठी यादी जाहीर केली होती आणि तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सचा एक वेगळा गट होता. पुण्यातले संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटातल्या ५,६९९ जर्नल्समधून १,३३६ जर्नल्स निवडली, त्यातून स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नोंद असलेली वगळली, आणि उरलेल्या १,००९ जर्नल्सची तपासणी केली. साडेचौतीस टक्के जर्नल्सचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती, आणखी ५२.३ टक्के जर्नल्सनी आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर, नोंदणी किंवा संपादक यांबाबत खोटे दावे केले होते किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच जेमतेम होती. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की या गटातल्या, त्या सूचींमध्ये नोंद नसलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. ही नावे कोणा भुरट्याने यादीत घुसवली नव्हती, ती आपल्या विद्यापीठांनी सुचवली होती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढली, नोव्हेंबर २०१८ मध्ये दर्जेदार जर्नल्सची यादी ठेवणाऱ्या केअर या नव्या व्यवस्थेची घोषणा केली, आणि तिच्या कामाची मोठी जबाबदारी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राकडे आली.

एखादे जर्नल तपासताना मी काय करतो ते सविस्तर सांगतो, कारण नव्याने लिहू लागलेल्यांना त्याचा उपयोग होईल. पहिल्यांदा आयएसएसएन. हा आठ आकड्यांचा क्रमांक असतो आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून गणिताने ठरलेला असतो. ‘करंट सायन्स’चा क्रमांक ००११-३८९१ असा आहे. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज केली की ६५ येतात. ६५ ला ११ ने भागले की बाकी १० उरते. ती ११ मधून वजा केली की १ येतो, आणि क्रमांकाच्या शेवटी १ च आहे. वजाबाकीचे उत्तर १० आले तर तेथे एक्स हे अक्षर लिहितात. मनाने रचलेला क्रमांक अकरांतून दहा वेळा या एका हिशेबात सापडतो, त्याला इंटरनेटही लागत नाही. हिशेब जुळला तर तो क्रमांक आयएसएसएनच्या पोर्टलवर घालून तेथे त्याच नावाचे नियतकालिक येते का ते पाहायचे, कारण दुसऱ्याचाच खरा क्रमांक वापरणारेही बरेच असतात.

त्यानंतर मी एक पूर्ण अंक उघडतो. अलीकडे एका फाईलमधल्या जर्नलचा अंक उघडला, तर त्यात वस्तू व सेवा कराचा परिणाम, संत साहित्यातली सामाजिक जाणीव, काँक्रीटमध्ये फ्लाय ॲशचा वापर, परिचारिकांचा कार्यताण आणि कबड्डीपटूंची शारीरिक क्षमता, असे विषय एकापाठोपाठ एक होते. या सगळ्यांची तपासणी करू शकेल असे संपादक मंडळ अस्तित्वात असू शकत नाही. निबंध मिळाल्याची, स्वीकारल्याची आणि छापल्याची तारीख तिथे तीन-चार दिवसांच्या आत होती. संपादकांच्या यादीत पदव्या भरपूर होत्या, मात्र विभाग, विद्यापीठाचा ईमेल यांपैकी काही नव्हते. शुल्काचे पान सर्वांत नीटनेटके होते: एका लेखकाला इतके, प्रत्येक सहलेखकाला वाढीव इतके, छापील प्रत हवी असेल तर टपालखर्च वेगळा, लवकर हवे असेल तर आणखी वेगळे, आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र. निबंध छापल्याचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत दर्जेदार जर्नल्समध्ये सहसा नसते, कारण छापलेला निबंध हाच पुरावा असतो. प्रमाणपत्राची गरज फक्त त्या फाईलला असते जिच्यातला निबंध कोणी उघडणार नाही.

केअरची यादी आल्यावर हा धंदा थांबेल असे आम्हा अनेकांना मनापासून वाटले होते, आणि काही प्रमाणात फरक पडलाही. पण यादीतल्या खऱ्या जर्नलचे नाव, क्रमांक आणि मुखपृष्ठ उचलून हुबेहूब दुसरे संकेतस्थळ काढण्याचा प्रकार बोकाळला. अशा नकली जर्नल्सबाबत केअरला लेखकांना वारंवार सावध करावे लागले. हा उद्योग इतर देशांतही आहे: आइसलंडमधले हिमनद्या आणि भूविज्ञानाचे ‘योकुल’ आणि पोलंडमधले वनशास्त्राचे, १८२० पासूनचे ‘सिल्वान’ यांचीही अशी बनावट संकेतस्थळे निघाली होती. आपल्याकडे त्याला चर्चासत्रांची जोड मिळाली. एखाद्या महाविद्यालयात एक दिवसाची राष्ट्रीय परिषद भरायची, नोंदणी शुल्कातच केअर यादीतल्या जर्नलचा ‘विशेषांक’ मिळेल असे पत्रकात लिहिलेले असायचे, दुपारच्या सत्रात पाच-पाच मिनिटांत निबंध वाचले जायचे, आणि महिन्याभरात चारशे-पाचशे पानांचा जाडजूड अंक यायचा. ज्याला तेही जमत नाही तो पैसे भरून संपादित पुस्तकात एक प्रकरण मिळवतो, कारण आयएसबीएनलाही गुण असतात.

यात पैसे कोणाचे जातात, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पूर्ण पगाराच्या प्राध्यापकाला दोन-अडीच हजार रुपये जड नाहीत. पण तासिका तत्त्वावर काम करणारे सेट-नेट झालेले तरुण, ज्यांचे मानधन महिनोन् महिने थकते आणि सुट्टीच्या काळात तर मिळतच नाही, तेही मुलाखतीत कमी पडू नये म्हणून हे पैसे भरतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचेही तसेच. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून येण्याची अट यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली, तरी त्याआधी कित्येक वर्षे ती सक्तीची होती, आणि आजही अनेक मार्गदर्शक विद्यार्थ्याला ‘एखादा पेपर टाकून ठेव’ असेच सांगतात. निबंध कुठे टाकायचा हे तो कोणाला विचारणार? व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकाला. त्याच्या निबंधावर मार्गदर्शकाचेही नाव जाते आणि शुल्क मात्र विद्यार्थी भरतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला अपवाद म्हणणे मला शक्य नाही. अशा मुलाला संशोधन-चोर म्हणणारे लेख मी वाचतो तेव्हा मला राग येतो. त्याला दोष देण्याआधी त्याच्यासमोर कोणते मार्ग उघडे होते ते विचारायला हवे.

आणि या सगळ्यात खरेच चांगले काम बुडते, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. एका तरुणीने ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतरावर काम केले होते. बीड जिल्ह्यातल्या गावांत जाऊन तिने कुटुंबांशी बोलून उचल किती घेतली, ती कशी फेडली, कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा, हिशेब मुकादम कसा लावतो, मुले शाळेतून कोणत्या महिन्यात गळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतात की नाही, हे वहीत उतरवले होते. तिच्या तक्त्यांमध्ये काही चुका होत्या, निष्कर्ष घाईचे होते. एखाद्या जाणत्या परीक्षकाने दोन पाने अभिप्राय लिहिला असता तर तो निबंध उत्तम झाला असता. तो गेला दर महिन्याला निघणाऱ्या एका बोगस जर्नलमध्ये, आणि तीन दिवसांत ‘स्वीकृत’ होऊन आला. एकही ओळ बदलली गेली नव्हती. वर्षभरात ते संकेतस्थळ बंद पडले. आज तो निबंध कुठल्याही शोधयंत्रात सापडत नाही आणि त्याच विषयावर काम करणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला तो असल्याचेही कळणार नाही. शेतात सोन्यासारखे बी पेरावे आणि खाली कातळ निघावा तसे ते झाले. पैसे गेले ही लहान गोष्ट होती. तिच्या कामाकडे कोणीतरी गांभीर्याने पाहील हा तिचा हक्क गेला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बैठकांमध्ये तो सतत ऐकू येतो. लेखकाकडून शुल्क घेणारे प्रत्येक जर्नल बोगस नसते आणि वाचकांना विनामूल्य मिळणारे प्रत्येक जर्नल संशयास्पद नसते. मुक्त प्रवेशाची चळवळ ही ज्ञान सर्वांना मिळावे म्हणून उभी राहिली आणि आमच्यासारख्या लहान ग्रंथालयांना तिचाच आधार आहे. ‘नेचर’सारख्या नामवंत नियतकालिकाने २०२० मध्ये मुक्त प्रकाशनासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले, तेही मला न्याय्य वाटत नाही, पण तिथे निबंध तपासला जातो. उलट मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ लेखकाकडून शुल्क घेत नाही. फरक पैशात नाही, निबंध कोणी वाचला का यात आहे.

मराठी संशोधनाला वाचून तपासण्याची परंपरा नवी नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा मंडळाच्या सभांमध्ये कागद आणि टिपणे वाचली जात, त्यांवर आक्षेप घेतले जात, आणि एका तारखेवरून किंवा एका मोडी शब्दाच्या वाचनावरून वाद झडत. एपीआय, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर यांपैकी काहीही त्या काळी नव्हते. पण चुकीचे लिहिले तर आपल्याच क्षेत्रातली माणसे ते वाचणार आहेत हे लिहिणाऱ्याला माहीत होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये यूजीसीने केअरची यादी बंद करण्याचा निर्णय घेतला, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो जाहीर केला, आणि जर्नल निवडण्याचे निकष सुचवून जबाबदारी विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपवली. यादी गेल्याचे मला दुःख नाही, कारण कोणतीही यादी वाचण्याची जागा घेऊ शकत नाही; पण ज्या विद्यापीठांनी २०१७ मध्ये ती नावे सुचवली त्यांच्याकडेच आता निर्णय आला आहे, म्हणून भीती वाटते. जर्मनीच्या डीएफजी या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेने २०१० मध्येच नियम केला, की अर्जदाराने आपल्या परिचयपत्रात जास्तीत जास्त पाच प्रकाशने नमूद करावीत. आपल्या विद्यापीठांना हे करायला कोणाची परवानगी लागेल असे मला वाटत नाही. पदोन्नतीसाठी प्राध्यापकाने स्वतः निवडलेले तीन निबंध मागावेत. त्यांच्यासोबत परीक्षकांचे मूळ अभिप्राय आणि त्यानंतर केलेले बदल जोडायला सांगावे. ज्या जर्नलने खरेच तपासणी केली आहे तिथे हे कागद लेखकाच्या ईमेलमध्ये पडलेले असतात, आणि जिथे केली नाही तिथे ते कोणीही आणू शकत नाही. समितीतल्या विषयतज्ज्ञाने ते तीन निबंध आधी वाचून यावे आणि मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत. त्या तज्ज्ञाला वाचनासाठी दोन दिवस जास्त लागतील, त्याचे मानधन विद्यापीठाने द्यावे. आमच्या महाविद्यालयापुरता मी एवढा प्रस्ताव लेखी दिला आहे, की फाईलमध्ये प्रमाणपत्राऐवजी पूर्ण निबंध आणि अभिप्राय लावावेत. आयक्यूएसीच्या पुढच्या बैठकीत तो चर्चेला येणार आहे.